पाण्याच्या रेघा

टोलीडो, ओहायो. लॅग्रेंज स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत
दुमजली घर, खाली एक बिऱ्हाड, वर एक.
ब्याऐंशी हजार.
आमच्या एक्सेलच्या तक्त्यात ते सतराव्या ओळीवर होतं.
वरची सोळा कुणी ना कुणी रोख मोजून नेलेली.

घर पाहावं बांधून, असं आपल्यात म्हणतात.
विकत घेऊन भाड्याने देण्याबद्दल
म्हण करायला कुणाला सवड झाली नसावी.
एक्केचाळीस पानांवर सह्या केल्या,
पेन मात्र फुकट मिळालं.

खालचं बिऱ्हाड रिकामं. वरचं घरासोबतच आलं,
नळ आणि खिडक्या येतात तसं:
लेशेक विस्निएव्स्की, वय एकाहत्तर,
जीपच्या कारखान्यातून निवृत्त,
बत्तीस वर्षं याच पत्त्यावर.
भाडं पाचशे ऐंशी,
मनीऑर्डरने, एक तारखेच्या आदल्या दिवशी.

तक्त्यात त्याचा रकाना पिवळा होता.
पिवळा म्हणजे बाजारभावाहून कमी, वाढीस वाव.
तो रंग मीच भरला,
रात्रपाळीत, इस्पितळाच्या लॅबबाहेर,
एका हातात गार पोळीची गुंडाळी.

पत्र पर्समध्ये घेऊनच जिना चढले.
पंचाहत्तर डॉलर वाढ, तीस दिवसांची मुदत,
शेवटी ‘आपली विश्वासू’.

दार उघडून तो म्हणाला, तुम्हीच का नवे मालक?
मी मागे वळून पाहिलं.
बार्शीची मावशी नवऱ्याला मालक म्हणायची,
मालक जेवले, मालक झोपले,
आणि घराच्या किल्ल्या हिच्या कमरेला.

ॲन आर्बरला आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा
हळदीच्या एका डागापायी
त्या माणसाने तीनशे डॉलर कापून घेतले.
महिनाभर त्याच्या नावाने बोटं मोडत होते मी.
आता माझ्या नावाने मोडायला
वरच्या मजल्यावर बोटं आहेत.
साडेनऊ.
अर्धं कारखान्यात गेलेलं.

चहा नाही, पाणी नाही. म्हणाला, आधी तळघर बघा.
मागच्या मालकाने भिंती पांढऱ्याशुभ्र रंगवल्या होत्या.
चुना लावणे म्हणजे काय
हे मला आजवर फक्त वाक्प्रचारात माहीत होतं.
फर्नेसच्या मागे, ब्रश पोचला नव्हता तिथे,
पेन्सिलीच्या रेघा:
मार्च शहाण्णव, घोट्यापर्यंत.
जून सहा, पोटरीपर्यंत.
फेब्रुवारी अठरा, गुडघ्याला दोन बोटं कमी.
अडतीस पानी तपासणी अहवालात
यातली एकही नव्हती.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला.
पंप, पाइप, मजुरी, बत्तीसशे.
मग पत्र काढलं,
पंचाहत्तर खोडून चाळीस केले,
आणि दिलं.

हो, दिलंच.
न देऊन मोठं होता आलं असतं,
पण बँक बाराही महिने बँकच असते.

त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं.
खोडलेला आकडाही वाचला.
म्हणाला, ठीक. मग स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदला.

बदलला. मीच. तीन व्हिडिओ बघून, दुसऱ्या प्रयत्नात.

एप्रिलमध्ये रात्री दोनला त्याचा फोन:
पंप बंद पडलाय.
पंचवीस मिनिटांनी मी घोटाभर पाण्यात,
दातांत टॉर्च, हातात ते फुकटचं पेन.
जिन्यावरून तो ओरडला, पेन नको, पुसलं जातं,
आणि पेन्सिल खाली टाकली.

रेघ ओढली. तारीख घातली.
पायजमा वर धरून तो खाली आला,
बराच वेळ वाकून पाहत राहिला.
हे कुठलं साल लिहिलंय?

घाईत मराठी आकडे लिहून बसले होते.

राहू दे, तो म्हणाला.
पाण्याला कुठे वाचायचंय.

घरी निरंजन जागाच होता,
तक्ता उघडून, अठराव्या ओळीवर.
मी ओले मोजे बादलीत टाकले
आणि त्याला म्हटलं, तळघर आहे का त्याला?