अधिक एकची काच

"कुणाच्या डोळ्याला?" कळमणकरांनी विचारलं,
नवी पेठेतल्या दुकानात, काच पुसता पुसता.
अधिक एक. एकच. फ्रेम नको.
शाळेला, मी म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं
आणि पावतीवर नावाच्या जागी रेघ ओढली.

नळी टॉवेलच्या कारखान्यातली,
गुंडाळलेलं कापड संपलं की उरते ती, पुठ्ठ्याची.
रेवणसिद्धच्या वडिलांनी दहा आणून टाकल्या.
एकीला गुलाबी धागा चिकटून होता,
तो मुलांनी काढू दिला नाही.
आतून काळा रंग द्यायचा तर हात आत जाईना,
तेव्हा मुस्कान बागवानने काठीला पायमोजा बांधला.
रंग नळीपेक्षा तिलाच जास्त लागला.

काच उन्हात धरली. खाली तेंदूचं पान,
अनुषाने घरून आणलेलं, विडीच्या मापाचं कापून.
वर, खाली, अजून वर.
सूर्य आधी पुरीएवढा, मग हरभऱ्याएवढा,
मग पान धुरकटलं
आणि अर्ध्या वर्गाला आपापल्या घराचा वास आला.
मोजलं. एक मीटर, बोटभर कमी.
नळीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही,
हे मी इतक्यांदा सांगितलं
की मधल्या सुट्टीत ते माझी नक्कल करायला लागले.

डोळ्याकडे घड्याळजीचं भिंग.
पुढे जॅकार्डचा जुना पुठ्ठा,
ज्याच्या भोकांतून चादरीवर मोर उतरायचा.
त्यात एक नवीन भोक, दहाच्या नाण्याएवढं,
बाकीची काळ्या पट्टीने बुजवली.
एक मोर गेला.

विडी घरकुलात रात्री दिवे तसे कमीच.
पाण्याच्या टाकीला नळी टेकवली, खाली दोन विटा.
"उलटा दिसलालाय की ओ सर, चंद्र!"
मी किरणांचं सांगायला लागलो, फळा नव्हता,
हवेतच रेघा ओढल्या.
रेवणसिद्धचे वडील म्हणाले,
चादर मागावर उलटीच असते, सर.
सुलटी दिसते ती दुकानात.
मी हात खाली घेतला.

मग गुरू. तो सापडायला पाऊण तास गेला,
दोन विटांच्या तीन झाल्या,
एक मूल झोपलं.
सापडला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा,
आणि बाजूला ओळीत ठिपके.

अंबुबाई, अनुषाची आई, सगळ्यांत शेवटी आली,
सूप कडेला ठेवून, हात पदराला पुसून.
रोजच्या हजार विड्या मोजणारी बाई
एका दमात म्हणाली, "मूडू."
तीन.
मी तर मुलांना चार सांगितले होते.
"चौथं छाटात गेलं काय?"
आम्ही हसलो. ती हसली नाही.
तिच्या मूठमूठ विड्या रोज छाटात जातात,
कारण कुणी सांगत नाही.

मागे गेलाय, मी म्हणालो, गुरूच्या. उद्या येईल.
"उद्या येतंय?"
तिने पुन्हा डोळा लावला,
बराच वेळ,
येतंय का ते आजच बघितल्यासारखी.
मग नळी सोडून स्वतःचा तळवा डोळ्यांसमोर धरला,
जवळ, लांब, अजून लांब,
आम्ही काच धरली होती तसा.
"तिथलं दिसलालंय, सर.
दोऱ्याची गाठ दिसेना झालीय."

शनिवारी परत नवी पेठ.
दोन काचा द्या, मी म्हणालो, एकाच चष्म्यात.
कळमणकरांनी पेन उघडलं. कुणाच्या डोळ्याला?
अंबुबाई चिप्पा, वय विचारून सांगतो.
नंबर तुम्हीच काढा, तिला घेऊन येतो.
आणि अधिक एकची अजून एक, सुटी.
तिच्यापुढे त्यांनी पुन्हा रेघ ओढली,
या वेळी थोडी लांब.