शिवायचं नाही

आत्याबाई म्हणाल्या, चार दिवस कशाला शिवायचं नाही.
मग दारातून परत वळून म्हणाल्या,
घाड्यांच्या पोरीचे तीन झंपर
उद्या संध्याकाळपर्यंत शिवून ठेव.

मी मशीनचा पट्टा चढवला.
मराठीने दोन्ही कामं एकाच शब्दाला लावलीत,
हे त्या दिवशी पायाखाली आलं,
पायडलसारखं.

लहानपणी म्हणायचे, आईला कावळा शिवला.
मला वाटायचं, कावळ्याला शिवता येतं.
कुठे बसतो, दोरा कुणाकडून आणतो.

मशीन सोप्यात, उंबऱ्याच्या अलीकडे.
कात्रीला विटाळ नाही, मापाच्या टेपला नाही,
गिऱ्हाईक येऊन खेटून उभं राहतं, त्याला नाही.
पैसे तर आत्याबाई
माझ्या हातातून सरळ घेतात
आणि दूध मात्र वरून ओततात.

ऋषिपंचमीला मलप्रभेच्या काठी वेंकटभटांनी सांगितलं:
इंद्राच्या माथी हत्या आली, त्याने पापाचे वाटे केले.
एक जमिनीला, ती खारवली.
एक झाडाला, त्याला डिंक फुटला.
एक पाण्याला, त्याच्यावर फेस आला.
चौथा बाईला.
आणि चौथ्यातली जिने भांड्याला हात लावला
ती पुढच्या जन्मी कुत्री झाली,
नवरा बैल.
बायका हात जोडून ऐकत होत्या.
मी खांबाला टेकून हिशेब करत होते.

खारवट तुकडा आम्ही खंडाने कसतो,
त्या भाताचा नैवेद्य होतो.
फेस बाजूला सारून वेंकटभटांनी
त्याच नदीत तांब्या बुडवला.
आणि डिंक तर
आत्याबाईंनी तुपात तळला होता,
खारीक-खोबरं घालून,
माझ्या दोन्ही बाळंतपणांत, रोज एक लाडू.
तीन वाटे घरात घेतले.
चौथा सोप्यात, मशीनपाशी.

बसलिंगव्वा काज-बटणाला येते.
गळ्यातलं लिंग ती त्या दिवसांतही उतरवत नाही,
तळहातावर घेऊन पुजते.
"नमगं ऐद सूतक इल्ल," म्हणते,
पाचही सूतकं आमच्यात नाहीत,
आठशे वर्षांमागं ठरलंय की गे ते.
म्हटलं, मग लोणच्याच्या बरणीला लाव बघू हात.
गप्प झाली. दोरा तोंडात धरून हसली.
"लिंगाला चालतंय गे. सासूला चालत नाही."

तिच्या भाषेत त्याला मुट्टु म्हणतात.
मुट्टु म्हणजेही शिवणं.
एवढी भांडणं या हद्दीवरून,
पाटीवरची अक्षरं किती वेळा पुसली, रंगवली,
हा एक शब्द मात्र
दोन्हीकडचा, न भांडता.

तेरा वर्षांनी लक्ष्मीची यात्रा आली.
पंच खणाचं कापड घेऊन आले, हिरवं, लाल काठाचं,
देवीची चोळी, परवा सकाळी पाहिजे.
बाजारातले दोन्ही टेलर मांडवाच्या झालरीत अडकलेले.
माझा दुसरा दिवस.
आत्याबाई दारात आल्या. कापडाकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं
आणि मोजलेलं विसरल्यासारखं करून
बल्ब माझ्या बाजूला ओढून दिला.
"टीप बारीक घाल," एवढंच.

छाती एकोणतीस, खांदा पंधरा.
आतून दोन बोटं माया सोडली.
लाकडाचं अंग काही वाढत नाही,
पण माया न सोडता मला शिवता येत नाही.

चौथ्या दिवशी देवी गदगेवर बसली.
मी लांबून, उसाच्या रसाच्या गाड्यामागून पाहिली.
बायका ओट्या भरत होत्या.
चोळी छान बसली होती,
फक्त डावा खांदा किंचित ओढत होता.
एक टाका उसवून पुन्हा घातला असता तर झालं असतं.
पण भोवती सोवळ्यातली माणसं,
आता तिला
कोण शिवणार.