बर्फावरचा रंग

आधी त्यानं चहा नाकारला.
मीठ घातलेला, वर चरबीचा तवंग.
म्हणाला, वासानंच ढवळतंय.
मी मनात म्हटलं, नखरे.

मग मेंढ्या मोजता मोजता दोनदा खाली बसला.
गुनसेन, आणि थकला?
घोड्यावर झोपणारा माणूस हा,
झोपेतही वाट न चुकणारा.

लोकरी तंबूत चुलीचा उजेड.
त्यात आम्ही सगळेच पिवळे,
पोरं, पातेली, देवापुढची वाटी.
कुणाचं काय कळणार?

सकाळी तंबूमागच्या बर्फात
त्याच्या लघवीचं भोक दिसलं,
आटून आटून उरलेल्या
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
हात धरून ओढलं त्याला बाहेर,
उन्हाकडे तोंड करून उभं केलं.
खाली बघ. आता वर.
सगळं अल्ताई पांढरं,
त्याचे डोळे तेवढे नव्हते.

डॉक्टरीण अल्तानझुल तिसऱ्या दिवशी आली मोटारसायकलवर.
उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली, तो कण्हला.
ती काही बोलली नाही.
रक्ताची नळी गोठू नये म्हणून
कोटाच्या आत, छातीशी ठेवली.
निघताना विचारलं,
धाकट्याचं जावळ कुठल्या वस्तऱ्यानं काढलंत?

मी गप्प.
तिनं माझी हनुवटी धरली,
आणि दाराच्या उजेडाकडे वळवली.