उचकी

रात्रीचे साडेअकरा, तरी शेटलंडचं आभाळ
विझायचं नाव घेत नाही.
ऑस्ला इस्बिस्टर होडी बांधते.
म्हणते, टॉर्च नको, कान लावा.

दोन हजार वर्षांचा बुरूज,
चुना नाही, दगडावर नुसता दगड.
फलकावर लिहिलंय: निर्मनुष्य.
मी कान लावला
आणि भिंत घुरघुरली,
घुरघुरता घुरघुरता
एक उचकी.

वादळपाखरू, ती म्हणाली. मुठीएवढं.
एक अंड्यावर, जोडीदार समुद्रावर.
अंधारलं की पाळी बदलतात.

मी म्हटलं, आमच्याकडे उचकी लागली
की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात.
ती गप्प. तिचा मुलगा तेलाच्या रिगवर,
तीन आठवडे तिकडे, तीन घरी.

परतताना तिनं
दोनदा इंजिन बंद केलं.
कारण सांगितलं नाही.