नोंद : बारा सेकंद

बाहेर सेहेचाळीस. अमरावती रोडचं डांबर
चपलेला धरून ठेवतंय.
उकेभाऊंनी बाहेरच्या खोलीतल्या कूलरची खस बदलली,
हात पुसत विचारलं,
"म्याडम, तुमच्या त्या डब्यात किती थंड रायते?"

मी म्हटलं, शून्याच्या इतकं जवळ
की एका अंशाचे लाख तुकडे करावे,
त्यातला एक.
"मंग पान्याची बाटली ठेवून देऊ का आत?"

आत हवासुद्धा नाही, भाऊ.
रुबिडियमचा एक अणू, तोही आला तर,
उजेडाच्या चिमटीत.
दोन आले की एकमेकांना ढकलून दोघंही जातात.
म्हणून एक,
नाहीतर कोणीच नाही.

पावणेतीनला लाइट गेली.
पंप बॅटरीवर तगला, लेझर नाही.
तीन आठवड्यांची जुळणी आरशांवरून सरकली
केसभर.
मी स्क्रू फिरवते. पाव वळसा. त्याचाही पाव.

नेमणुकीचं पत्र मार्चपर्यंतचं,
"मुदतवाढ निधीच्या अधीन."
आई फोनवर : पीएचडी झाली ना गं,
मग हे पोस्ट कसलं?
पोस्ट म्हणजे नंतर, आई.
नंतर म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही,
बरं झालं.

साडेअकरा. उकेभाऊ कधीचे घरी,
खसेचा वास अजून इथेच.
पडद्यावर काळं. काळं. काळं.
मोहरीएवढं पांढरं.

मी श्वास आवरते, उगाच.
काचेपलीकडे कुठली फुंकर पोचणार?
दहा. अकरा. बारा.

गेला.

वहीत लिहिते : बारा सेकंद.
तारीख, सही.
खोलीचं तापमान एकतीस.