व इतर अकरा

आवक क्रमांक तीनशे अठरा.
विषय : हर्णै बंदरातील खलाशांच्या उचलीबाबत.
शिक्क्याची शाई सुकलेली,
मी दोन थेंब पाणी घातलं.

जुलेखा मुकादम समोर उभी, छत्री निथळत फरशीवर.
आडनाव मुकादम आणि भांडण मुकादमांशीच,
हा विनोद तिने आल्या आल्या स्वतःच करून टाकला,
म्हणजे आम्हाला करायला नको.

अर्ज दीड पानी. मागणं फार नाही.
बोटी सुटण्याआधी, एक ऑगस्टच्या आत,
दक्षता समितीची बैठक लावा.
खलाशाचं कार्ड नाखव्याच्या कपाटात नको, त्याच्याच खिशात.
उचलीचा हिशेब त्याला कळेल अशा भाषेत.
आणि जेटीवर नोंद घेताना
नाव तांडेलाने सांगायचं नाही,
ज्याचं त्याने.

"मागची बैठक कधी झाली?"
मला ठाऊक होतं. चहा-बिस्किटांचं बिल मीच लावलेलं,
चार वर्षांपूर्वी. ठरावही मीच टंकलेला :
तालुक्यात वेठबिगार आढळून आला नाही.
आढळणार कुठून,
बघायला गेलं होतं कोण?

दुसऱ्या पानाच्या तळाशी अंगठे. बारा.
चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला.
रेषाच नाहीत.
बर्फ, मीठ, कोळंबीचे काटे, नायलॉनचा दोर;
उरलेत ते नुसते निळे गुळगुळीत डाग.
"रेशनचं यंत्र यांना ओळखत नाही," ती म्हणाली,
"नाखव्याची वही तेवढी ओळखते."

पहिला धनसिंग साउद. तीन पावसाळे घरी गेलेला नाही.
उचल चाळीस हजारांची;
बंदीच्या महिन्यांत जाळी विणताना खाल्लेला भात मांडून
बासष्ट झाली.

आमच्याकडे रीत अशी :
पहिलं नाव लिहायचं, पुढे 'व इतर अकरा'.
रकाना तेवढाच असतो.

मी लिहिलं, धनसिंग साउद.
मग लोकेंद्र बोहरा. बिरंची बेहेरा.
चौथं नाव लागेना, तिला विचारलं,
तिने अक्षर अक्षर सांगितलं.
नावं रकाना ओलांडून शेऱ्यात गेली,
तिथून खाली, तीनशे एकोणिसाच्या जागेत,
जिथे कुणाची तरी सातबारा दुरुस्ती यायची होती.
साहेब ओरडतील. ओरडू देत.

पोच घेऊनही ती हलेना.
"बैठकीची तारीख?"
ते माझ्या हातात नाही, म्हटलं.
"सोमवारी येते."
सोमवारी सुट्टी आहे.
"मग मंगळवारी."