टेल लॅम्प

बावीस वर्षं मी उद्यमबागेत मोटारी भरल्या.
बेचाळीस गेजची तार डोळ्याआधी बोटांना दिसते.
म्हणून बसाप्पा होसमनी, लोंढ्याचे रिटायर गार्ड,
माझ्याकडे डबा घेऊन आले, चपलांच्या खोक्यात,
पेपरात गुंडाळून, अंडी आणावीत तसा.
"इंजिनाचं भाच्यानं केलंय. पुढं दिवा हाय.
मला मागं पायजे, बाई.
पुढचं कुणी बी करतंय."

डबा वीतभर, वर चार बोटं.
छपराखाली डिकोडर, चिंचोक्याएवढा.
लाल आणि काळी चाकांकडून येतात,
निळी सगळ्यांची,
पिवळी मागच्या दिव्याची.
रुळांतून सगळ्या गाड्यांचे हुकूम एकदम धावतात;
डिकोडर ऐकतो सगळंच,
मान हलवतो फक्त आपल्या नंबराला.
आमच्या गल्लीत तिन्हीसांजेला असंच.
मराठी, कानडी, कोकणी, उर्दू,
चार दारांतून चार हाका,
आणि धुळीतल्या घोळक्यातून
बरोबर एकच पोर वळतं.

कारखान्यातून प्रत्येक डिकोडर तीन नंबर घेऊन निघतो,
मागनं बदलायचा.
मी म्हटलं, राहू दे की वो,
आपण तिसऱ्या गेटचेच.
ते हसले नाहीत.
"एकसष्ट घाला. माझ्या बत्तीवर होता."

एलईडी मोहरीचा दाणा.
पहिल्यांदा उलटी लागली.
उलटी लागली तर ती जळत नाही, भांडत नाही,
नुसती गप्प बसते, माझ्या थोरल्या जावेसारखी.
फिरवली. तपकिरी-काळा-लाल रेझिस्टर जोडला,
डाख देताना श्वास धरला, जुनी खोड.
पेटली.
एवढी लाल की त्यांनी डोळ्यांवर हात धरला.
"छे छे. घासलेटचा होता तो."
तो काढून मग तपकिरी-काळा-नारिंगी,
दहापट अडवणारा.
आता निपाणीच्या विडीचं टोक
अंधारात कुणी ओढत बसावं, तेवढाच.
"हां," म्हणाले. "हां."

चहा निवेपर्यंत सांगत होते.
तिनईघाटाच्या जंगलात कपलिंग तुटलं होतं.
पुढचा भाग लोंढ्याला गेला.
मागं सात वाघिणी, गव्यांचे फुरफुराट,
आणि हातात एकसष्ट नंबर.
चार तास.
"इंजिन पोचलं म्हणून गाडी पोचली असं नसतंय.
मास्तर शेवटी लाल बघतो.
लाल नाही, तर कोण तरी मागं ऱ्हायलंय."
त्यानंतर त्यांनी बशीतला चहा
एका घोटात संपवला,
तरी मला वाटलं, सांगायचं अर्धंच सांगितलं.

त्यांच्या पलंगाखालून रूळ जातो,
धान्याच्या डब्यांमागून वळतो,
शिवणयंत्राच्या पायाजवळ स्टेशन,
पाटीवर तीन लिप्यांत लोंढा, भाच्याच्या अक्षरात.
दिवे मालवले. बसाप्पा जमिनीवर पालथे पडले,
ऐंशीला टेकलेला माणूस, हनुवटी फरशीवर.
कंट्रोलर माझ्या हातात. इंजिन तीन, मग एकसष्ट.
तेवढ्यात खऱ्या गेटवर घंटी झाली,
मिरजेची गाडी धडधडत गेली, भांडी किणकिणली,
आमची आपली चालूच.
हेडलाइट आला पलंगाखालून,
फरशीवर पांढरा पट्टा, खरोखर देखणा.
त्यांनी बघितलाही नाही.
एक डबा गेला. दोन. तीन.
चौथा जोडावर अडखळला,
विडी विझली,
माझ्या पोटात गोळा,
आणि पुन्हा पेटली.

"पूर्ती बंतु," ते फरशीलाच म्हणाले,
कानडीत, हळू,
रजिस्टरात वेळ लिहावी तसं.

मी दिवा लावला नाही लगेच.
मग चौथ्या डब्याची चाकं
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला घेतली,
बोळा काळा निघत होता.